मॅगेलन आणि हरवलेला दिवस

जोड्या लावा. 'अ' गटात वास्को द गामा, कोलंबस, बार्थोलोम्यू डायस आणि मॅगेलन. 'ब' गटात अमेरिका, कालिकत, पृथ्वीप्रदक्षिणा आणि केप ऑफ गुड होप. चार जोड्या, चार गुण. हे गुण आपल्या वर्गात कोणी घालवत नसे, मागच्या बाकावरचेसुद्धा नाही. कारण परीक्षेच्या आदल्या दिवशी इतिहासाच्या बाई सगळ्या वर्गाकडून त्या जोड्या एका सुरात म्हणवून घ्यायच्या. "मॅगेलन, पृथ्वीप्रदक्षिणा" सगळ्यात शेवटी यायचं, म्हणून सगळ्यात मोठ्यानं म्हटलं जायचं.

शाळेच्या आठवणी या स्मरणिकेत बाकीचे लिहितीलच. मी त्या शेवटच्या जोडीबद्दल लिहिते. बाई, हे तुमच्या हाती पडेल तेव्हा तुम्ही लाल पेन घेऊनच वाचाल याची खात्री आहे.

मॅगेलनने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली नाही, तो वाटेतच फिलिपिन्समध्ये मारला गेला, हे बऱ्याच जणांना ठाऊक असेल. मलाही एवढंच माहीत होतं. त्याच्याकडे मी पुन्हा वळले ती कामामुळे. आपल्या प्रत्येक संगणकात आणि मोबाइलमध्ये जगभरच्या शहरांच्या वेळांची एक यादी असते. कुठलं शहर ग्रीनिचच्या किती पुढे किंवा मागे आहे, आणि हा फरक इतिहासात कधी कधी बदलला, हे त्यात लिहिलेलं असतं. तारखांची गणितं करणाऱ्या एका प्रणालीवर काम करताना ही यादी वाचत होते. त्यात मनिलाची ओळ दिसली. १८४४ सालाच्या अखेरीपर्यंत मनिला ग्रीनिचच्या सुमारे १५ तास ५६ मिनिटं मागे, आणि त्यानंतर एकदम ८ तास ४ मिनिटं पुढे. दोन आकडे मिळवा, बरोबर चोवीस तास होतात. म्हणजे तिथे एक अख्खा दिवस गायब झाला होता. सोमवार, ३० डिसेंबर १८४४ नंतर मनिलात उजाडला तो बुधवार, १ जानेवारी १८४५. मंगळवार झालाच नाही.

कारण सोपं आहे. पोर्तुगीज पूर्वेकडे प्रवास करत आशियात आले, स्पॅनिश लोक पश्चिमेकडे. १५६५ पासून ते मेक्सिकोहून पॅसिफिक ओलांडून फिलिपिन्समध्ये येऊ लागले आणि येताना अमेरिकेची तारीख सोबत आणली. त्यामुळे शेजारच्या मकावमध्ये मंगळवार असला की मनिलात सोमवार. पावणेतीनशेहून जास्त वर्षं हे असंच चाललं. आणि ही पश्चिमेकडून यायची वाट पहिल्यांदा काढली ती मॅगेलनने. तो स्वतः मात्र जन्माने पोर्तुगीज. मग प्रश्न पडतो की हा माणूस स्पेनच्या जहाजांवर गेला कसा? त्याचं उत्तर शोधायला गेलं की आपण थेट आपल्याच किनाऱ्यावर येऊन पोचतो.

त्याचं पोर्तुगीज नाव फर्नांव द मगल्याइश. जन्म १४८० च्या सुमारास, उत्तर पोर्तुगालमधल्या मध्यम प्रतीच्या सरदार घराण्यात. लहानपणी लिस्बनच्या राणीच्या पदरी हुजऱ्या म्हणून राहिला. मार्च १५०५ मध्ये भारतातला पहिला पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द अल्मेडा मोठं आरमार घेऊन निघाला, त्यात हा पंचविशीचा तरुण साधा शिपाईगडी म्हणून भरती झाला. सोबत फ्रान्सिस्को सेराव नावाचा मित्र होता. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

भारताच्या आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यांवर त्याने लढाया केल्या, जखमा खाल्ल्या. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा काळ १५०८-०९ चा. मार्च १५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्तच्या मामलुक सुलतानाचं आणि दीवच्या मलिक अयाझचं आरमार पोर्तुगिजांवर चालून आलं. त्या लढाईत व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो ठार झाला. बाप सूडाने पेटला. डिसेंबरमध्ये त्याचं आरमार दीवकडे निघालं आणि वाटेत दाभोळ लुटून, जाळून पुढे गेलं. आपली आठवीची सहल आठवा. दाभोळच्या खाडीत होडीत बसून आपण भेंड्या लावत होतो. त्याच पाण्यातून पोर्तुगीज शिरले होते, आणि दाभोळ त्या वेळी पश्चिम किनाऱ्यावरचं भरभराटीचं बंदर होतं. ३ फेब्रुवारी १५०९ ला दीवसमोर निर्णायक लढाई झाली. मॅगेलन त्या लढाईत होता. अरबी समुद्रावर पुढची कित्येक वर्षं कोणाची सत्ता चालणार, ते त्या एका दिवसात ठरलं.

त्याच वर्षी पोर्तुगिजांची पहिली जहाजं मलाक्काला गेली, मॅगेलन आणि सेराव त्यांतच होते. तिथे त्यांच्यावर अचानक हल्ला झाला आणि किनाऱ्यावर अडकलेल्या सेरावला मॅगेलनने वाचवून आणलं. दोन वर्षांनी, १५११ मध्ये, अल्बुकर्कने मलाक्का जिंकलं तेव्हाही हे दोघं तिथे होते. या लुटीतून मॅगेलनच्या वाट्याला एक मलायी मुलगा गुलाम म्हणून आला. त्याला बाप्तिस्मा देऊन नाव ठेवलं एन्रिके. मूळचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही.

यानंतर दोघा मित्रांच्या वाटा वेगळ्या झाल्या. सेराव लवंग-जायफळाच्या शोधात पुढे मोलुक्का बेटांकडे गेला. त्याचं जहाज फुटलं, पण तो तरला, तेर्नातेच्या सुलतानाचा सल्लागार बनून तिथेच संसार थाटून बसला. मॅगेलनला तो पत्रं लिहायचा की इथे ये, फार सुखाची जागा आहे. मॅगेलन मात्र पोर्तुगालला परतला, मोरोक्कोच्या मोहिमेवर गेला, तिथे पायाला जखम होऊन कायमचा लंगडा झाला. वर शत्रूशी व्यापार केल्याचा आरोप आला. तो सिद्ध झाला नाही, पण राजा मॅन्युएलच्या मनातून तो उतरला. दहा वर्षं रक्त सांडल्यावर त्याने दरबारी मानधनात किरकोळ वाढ मागितली. राजाने नाही म्हटलं.

आमच्या क्षेत्रात हे फार ओळखीचं आहे. चांगला माणूस अर्धा टक्का पगारवाढीवरून दुखावतो आणि समोरच्या कंपनीत जातो, आणि जाताना डोक्यात सगळे नकाशे घेऊन जातो. मॅगेलनने तेच केलं. १५१७ मध्ये तो स्पेनमध्ये सेव्हिलला आला, तिथल्या एका पोर्तुगीज सरदाराच्या मुलीशी, बियात्रिस बार्बोसाशी, लग्न केलं आणि राजा चार्ल्सपुढे योजना मांडली. राजा तेव्हा अठरा वर्षांचा होता.

योजना समजायला तोर्देसिल्यासचा तह आठवावा लागेल. १४९४ मध्ये स्पेन आणि पोर्तुगालने अटलांटिकमध्ये उत्तर-दक्षिण एक रेघ ओढून जग आपसात वाटून घेतलं. रेघेच्या पूर्वेकडचं पोर्तुगालचं, पश्चिमेकडचं स्पेनचं. जगातल्या बाकी कोणाला विचारलं नाही, हे सांगायला नकोच. पण पृथ्वी गोल असल्यामुळे ती रेघ पलीकडच्या बाजूनेही जाणार, आणि तिथे मोलुक्का बेटं नेमकी कोणाच्या हद्दीत पडतात हे कोणालाच सांगता येत नव्हतं. अक्षांश ताऱ्यांवरून काढता येत होते, रेखांश काढायची खात्रीची पद्धत नव्हती. मॅगेलनचं म्हणणं असं की बेटं स्पेनच्या अर्ध्यात आहेत, आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडून वाट काढली तर पश्चिमेकडून थोड्याच दिवसांत तिथे पोचता येईल.

दोन्ही अंदाज चुकीचे होते. आजचे रेखांश मांडून पाहिले तर मोलुक्का पोर्तुगालच्याच अर्ध्यात पडतात, आणि 'थोडे दिवस' म्हणजे काय ते पुढे येईलच. पण मोहीम मंजूर झाली ती याच दोन आकड्यांवर. पृथ्वीप्रदक्षिणा करायची असं त्या करारात कुठेही नव्हतं. लवंग आणायची, एवढाच हेतू होता.

२० सप्टेंबर १५१९ ला सानलुकार बंदरातून पाच जहाजं निघाली. त्रिनिदाद, सान आंतोनियो, कॉन्सेप्सियोन, व्हिक्टोरिया आणि सांतियागो. माणसं अडीचशेच्या आसपास. स्पॅनिश, पोर्तुगीज, इटालियन, ग्रीक, फ्रेंच अशी सरमिसळ. आणि मॅगेलनचा दुभाषा म्हणून एन्रिके. आंतोनियो पिगाफेट्टा नावाचा व्हिचेन्झाचा एक तरुण निव्वळ जग बघायच्या हौसेने जहाजावर चढला. तो रोज लिहायचा. आज आपल्याला या प्रवासातलं जे कळतं, त्यातलं सगळ्यात जिवंत त्याच्या रोजनिशीतून कळतं.

कप्तानांपैकी बहुतेक स्पॅनिश, त्यांना या लंगड्या पोर्तुगिजाचा हुकूम सहन होत नव्हता. त्यात मॅगेलन मार्ग सांगायला तयार नव्हता. मागे राहा आणि माझ्या दिव्यामागून या, एवढंच. मला वाटतं पुढच्या बऱ्याच गोष्टींचं मूळ या स्वभावात आहे. अर्जेंटिनाच्या दक्षिणेला सान हुलियान नावाच्या ओसाड बंदरात हिवाळा काढायचा ठरलं, शिधा कमी केला, आणि एप्रिल १५२० च्या सुरुवातीला पाचपैकी तीन जहाजांवर बंड झालं. मॅगेलनने ते दोन दिवसांत मोडलं. एक कप्तान भोसकून मारला, दुसऱ्याचा शिरच्छेद केला, तिसऱ्याला एका पाद्र्यासह त्या निर्मनुष्य किनाऱ्यावर सोडून दिलं. चाळीसेक जणांना देहदंड सांगून माफी दिली, कारण तेवढी माणसं मारली तर शिडं ओढणार कोण? माफी मिळालेल्यांत बास्क प्रांतातला एक खलाशी होता, हुआन सेबास्तियान एल्कानो. हेही नाव लक्षात ठेवा.

सांतियागो पुढच्या पाहणीत फुटलं. २१ ऑक्टोबरला सामुद्रधुनीचं तोंड सापडलं. डोंगरांच्या मधून जाणारी, फाटे फुटलेली, साडेपाचशे किलोमीटरांहून लांब अशी ही वाट. त्या फाट्यांतच सान आंतोनियोने गुपचूप तोंड फिरवलं आणि ते स्पेनला निघून गेलं. सगळ्यात मोठं जहाज तेच होतं आणि धान्याचा मोठा साठाही त्याच्यातच. उरली तीन जहाजं २८ नोव्हेंबरला पलीकडच्या समुद्रात आली. समुद्र शांत दिसला म्हणून त्यांनी त्याला पॅसिफिक म्हटलं.

मग तीन महिने वीस दिवस ताजं अन्न मिळालं नाही. पिगाफेट्टा जे लिहितो ते जेवताना वाचू नये. बिस्किटांचं किड्यांनी पीठ केलेलं, त्याला उंदरांच्या मुताचा वास. पाणी पिवळं, कुजकं. परबाणाला गुंडाळलेलं बैलाचं कातडं उन्हावाऱ्याने दगडासारखं झालेलं. ते चार-पाच दिवस समुद्रात भिजत घालायचं, निखाऱ्यावर भाजायचं आणि खायचं. उंदीर अर्ध्या डुकाटला विकला जायचा, आणि तरी मिळायचा नाही. हिरड्या सुजून दात झाकले जायचे, मग खाताच यायचं नाही. हा स्कर्व्ही. एकोणीस माणसं मेली. वाटेत दोन बेटं दिसली, दोन्हींवर वस्ती नव्हती. ६ मार्च १५२१ ला ग्वाम लागलं, तिथल्या लोकांनी होडी पळवली म्हणून मॅगेलनने घरं जाळली, माणसं मारली, आणि दहा दिवसांनी ते फिलिपिन्सच्या बेटांशी आले.

आता या प्रवासातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा प्रसंग. २८ मार्चला लिमासावा बेटाजवळ एक छोटी होडी जहाजाकडे आली, आत आठ माणसं. एन्रिकेने त्यांना हाक मारली आणि त्यांना ती कळली. दहा वर्षांपूर्वी मलाक्काहून पश्चिमेकडे नेलेला मुलगा, भारत, पोर्तुगाल, स्पेन, अमेरिका असं सतत पश्चिमेकडे जात जात पुन्हा आपली भाषा समजणाऱ्या माणसांत आला होता. पृथ्वी गोल आहे याचा पुरावा ताऱ्यांनी किंवा होकायंत्राने द्यायच्या आधी एका गुलामाच्या हाकेला आलेल्या उत्तराने दिला.

खुद्द मॅगेलनचं काय? रेखांशांचा हिशेब करून पाहिला. मलाक्का पूर्वेला सुमारे १०२ अंश, हा प्रदेश सुमारे १२४ अंश. तरुणपणी पूर्वेकडे जाऊन १०२ पर्यंत, आणि चाळिशीत पश्चिमेकडे जाऊन १२४ पर्यंत. ३६० पैकी २२ अंश तेवढे राहिले.

७ एप्रिलला जहाजं सेबूला पोचली. तिथल्या बंदरात सियामचा एक व्यापारी होता. त्याने सेबूच्या राजाला, हुमाबोनला, सावध केलं की जपून राहा, कालिकत आणि मलाक्का जिंकणारे लोक हेच. आपल्या किनाऱ्यावर काय घडलं याची बातमी जहाजांच्या आधी तिथे पोचली होती! तरी हुमाबोनने मैत्री केली, आठवड्याभरात बाप्तिस्माही घेतला. त्याची माणसंही शेकड्यांनी ख्रिस्ती झाली. शेजारच्या मक्तान बेटावरचा एक सरदार, लापुलापु, मात्र ना हुमाबोनला जुमानेना ना स्पेनच्या राजाला. मॅगेलनने त्याला धडा शिकवायचं ठरवलं. बरोबरचे नको म्हणत होते. लवंग आणायला आलेल्या माणसाने दुसऱ्यांच्या भाऊबंदकीत पडायचं कारण नव्हतं. हुमाबोन मदतीला माणसं देत होता, तर मॅगेलन म्हणाला, तुम्ही होडीतून नुसतं बघा, आम्ही कसे लढतो ते.

२७ एप्रिल १५२१ च्या पहाटे ते मक्तानला गेले. ओहोटी आणि खडकांमुळे होड्या किनाऱ्याशी जाईनात, तोफा लांब राहिल्या. एकोणपन्नास माणसं मांडीभर पाण्यातून चालत गेली. समोर दीड हजार होते असं पिगाफेट्टा म्हणतो. आकडा फुगवलेला असेल, पण तो स्वतः तिथे होता, त्यालाही बाण लागला. मक्तानच्या लोकांनी ओळखलं की चिलखत पायांना नाही, आणि पायांवर मारा केला. मॅगेलन माघार घेणाऱ्यांना पाठीशी घालत पाण्यात उभा राहिला, आपली माणसं होडीत चढली का ते मागे वळून वळून पाहत राहिला आणि तिथेच पडला. पिगाफेट्टाचं त्याच्यावर मनापासून प्रेम होतं, ते इथे ओळीओळीत दिसतं. मला त्या धैर्याबद्दल आदर वाटतो, पण त्या सकाळी घर राखत होता तो लापुलापु. फिलिपिन्समध्ये आज तो राष्ट्रीय वीर आहे, मक्तानवरच्या शहराला त्याचंच नाव आहे, आणि एकाच आवारात दोघांचीही स्मारकं आहेत.

एन्रिकेही त्या लढाईत जखमी झाला होता. पांघरूण घेऊन पडून राहिला. नव्याने प्रमुख झालेल्यांपैकी दुआर्ते बार्बोसा हा मॅगेलनच्या सासरकडचा नातलग. तो खेकसला की मालक मेला म्हणून तू सुटलास असं समजू नकोस, स्पेनला गेल्यावर तू मालकिणीचा गुलाम राहशील, आणि आत्ता उठला नाहीस तर फटके खाशील. एन्रिके उठला, किनाऱ्यावर गेला आणि पिगाफेट्टाच्या म्हणण्यानुसार हुमाबोनशी बेत करून आला. १ मे रोजी हुमाबोनने जेवायला बोलावलं. गेलेल्यांपैकी पंचवीसेक जण मारले गेले, त्यात बार्बोसाही. जहाजं नांगर तोडून पळाली.

पुढचा भाग भराभर सांगते. माणसं पुरेनात म्हणून कॉन्सेप्सियोन जाळलं. ८ नोव्हेंबरला उरलेली दोन जहाजं मोलुक्कातल्या तिदोरला लागली. सेराव तिथून हाकेच्या अंतरावर, तेर्नातेत. पण काही महिन्यांपूर्वीच, साधारण मॅगेलन गेला त्याच सुमारास, तोही गेला होता. दोघा मित्रांची भेट राहिली ती राहिलीच. लवंग भरली, तर त्रिनिदादला गळती लागली. ते मागे ठेवलं. पुढे त्याने पॅसिफिकमार्गे परतायचा प्रयत्न केला, तो फसला आणि माणसं पोर्तुगिजांच्या हाती पडली. त्यांतली काही आपल्या कोचीनला कैदेत येऊन पडली. वाचलेले मूठभर बऱ्याच वर्षांनी स्पेनला पोचले.

व्हिक्टोरिया एकटंच २१ डिसेंबरला पश्चिमेकडे निघालं. कप्तान एल्कानो, तोच सान हुलियानचा माफी मिळालेला बंडखोर. सोबत सत्तेचाळीस युरोपीय आणि तेरा बेटवासी. सगळी बंदरं पोर्तुगिजांची, म्हणून भारताला वळसा घालून खूप दक्षिणेकडून, आफ्रिकेचं टोक ओलांडून ते गेले. 'पृथ्वीप्रदक्षिणा' हा निर्णय खरा इथे झाला, तोही हौसेने नाही, दुसरी वाट नव्हती म्हणून.

९ जुलै १५२२ ला अन्नपाण्यावाचून टेकीला येऊन ते केप व्हर्दच्या सांतियागो बेटावर थांबले. बेट पोर्तुगिजांचंच. अमेरिकेहून आलो असं खोटं सांगून त्यांनी तांदूळ मिळवला. किनाऱ्यावर जाणाऱ्यांना सांगितलं होतं की आज वार कोणता तेही विचारा. उत्तर आलं, गुरुवार. जहाजावर बुधवार होता. पिगाफेट्टा चक्रावला. तो आजारी पडला नव्हता, रोजनिशीत एकही दिवस गाळला नव्हता.

इथे मला राहवलं नाही, कागद-पेन घेतलं. पश्चिमेकडे जाणं म्हणजे सूर्याच्या मागे मागे जाणं. त्यामुळे जहाजावरचा प्रत्येक दिवस जरासा लांबतो. अख्खी प्रदक्षिणा म्हणजे एक दिवस, म्हणजे ८६,४०० सेकंद. प्रवास साधारण १,०८० दिवसांचा. भागाकार केला तर रोजचे ८० सेकंद. वाळूच्या घड्याळात हे कोणाला दिसणार? तीन वर्षं रोज ऐंशी ऐंशी सेकंद साठत गेले आणि त्यांचा एक अख्खा दिवस झाला. सूर्य त्यांनी एकदा कमी उगवताना पाहिला. हे होणार हे सीरियातल्या अबुल फिदा या अरब भूगोलज्ञाने चौदाव्या शतकातच नुसत्या विचाराने मांडलं होतं. पण अनुभव यांना आला. स्पेनमध्ये खूप वाद झाला. उपवासाच्या शुक्रवारी मांस खाल्लं, ईस्टर भलत्याच दिवशी केला, म्हणून खलाशी धास्तावले. आपल्याकडे तीन वर्षांच्या एकादश्या द्वादशीला झाल्याचं कळलं असतं तर आजीने काय केलं असतं, तसंच. शेवटी दरबारातला व्हेनिसचा वकील गास्पारो कोन्तारिनी याने हिशेब उलगडून सांगितला. पुढे ज्यूल व्हर्नने 'ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा'मध्ये हीच गंमत उलटी, पूर्वेकडे जाणाऱ्याची, वापरली.

सांतियागोवर लवंगांमुळे खोटं उघडकीस आलं, तेरा माणसं पकडली गेली. ६ सप्टेंबर १५२२ ला व्हिक्टोरिया सानलुकारला पोचलं तेव्हा त्यावर अठरा जण होते. ही प्रसिद्ध संख्या. तीत जिवंत पोचलेले मोलुक्काचे लोक धरलेले नाहीत. तीन दिवसांनी सेव्हिलला ते अनवाणी, हातात मेणबत्त्या घेऊन देवळात नवस फेडायला गेले. जहाजात सुमारे सव्वीस टन लवंग होती. पाचपैकी चार जहाजं गेली तरी तिच्या विक्रीतून मोहिमेचा खर्च निघाला म्हणतात. राजाने एल्कानोला मानचिन्ह दिलं. त्यावर लवंगा, जायफळं, दालचिनी आणि पृथ्वीचा गोल, आणि त्या गोलाच्या तोंडी लॅटिनमध्ये 'मला पहिली प्रदक्षिणा तूच घातलीस' अशा अर्थाचं वाक्य. पिगाफेट्टाने मात्र आपल्या संपूर्ण वृत्तांतात एल्कानोचं नाव एकदाही घेतलेलं नाही. बंड तो विसरला नसावा. त्याचं पुस्तक युरोपभर वाचलं गेलं, आणि बाईंच्या 'अ' गटात मॅगेलन आला तो बहुतेक तिथूनच. मोलुक्कावरचा हक्क स्पेनने १५२९ मध्ये साडेतीन लाख डुकाट घेऊन पोर्तुगालला सोडून दिला.

निघण्यापूर्वी, ऑगस्ट १५१९ मध्ये, मॅगेलनने सेव्हिलमध्ये मृत्युपत्र केलं होतं. त्यात दफन कुठे करावं ते लिहिलं होतं. हुमाबोनने मोबदला देऊ केला तरी मक्तानच्या लोकांनी प्रेत परत दिलं नाही. मिळकत बायकोला आणि मुलाला लिहून दिली होती. जहाज परत यायच्या आत मुलगा रोद्रिगो आणि बियात्रिस दोघंही वारले. आणि एक कलम एन्रिकेचं होतं. माझ्या मृत्यूच्या दिवसापासून तो कायमचा मुक्त व्हावा आणि त्याच्या निर्वाहासाठी माझ्या मिळकतीतून दहा हजार मारावेदी द्यावेत. बार्बोसाने फटक्यांची धमकी दिली त्या क्षणी, या कागदाप्रमाणे, एन्रिके स्वतंत्र माणूस होता.

१ मे १५२१ नंतर त्याचं नाव कुठल्याच कागदात येत नाही. तो सेबूच्या किनाऱ्यावर होता. तिथून मलाक्का नैर्ऋत्येला सुमारे अडीच हजार किलोमीटर. त्या बंदरात सियामकडचे व्यापारी येत-जात होते, आणि त्याला त्यांची भाषा येत होती.